टेक्स्टाइल डिझाइन शिकायचंय, पण घरचे म्हणतात शिवणक्लास लाव

वाचकाचं पत्र, थोडक्यात: डिचोली तालुक्यातली ही मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. तिला टेक्स्टाइल डिझाइन शिकायचंय. चित्रकला चांगली आहे, शाळेत बक्षिसं मिळाली आहेत. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते. वडील औषधांच्या कारखान्यात आहेत आणि मुलीने फार्मसी करून गोव्यातच नोकरी धरावी असं त्यांना वाटतं. त्यांचं म्हणणं, "कपड्यांचंच करायचं तर आईकडे शिक, नाहीतर शिवणक्लास लाव. त्यासाठी दहा-बारा लाख कोण घालतं? आणि डिझाइन तर आता कॉम्प्युटरच काढतो." मुलीला पुढे गोव्यात राहून तिथल्या पारंपरिक कुणबी साडीसाठी काम करायचंय. म्हापशाची मावशी प्रवेश परीक्षेचे पैसे द्यायला तयार आहे. तिचे प्रश्न दोन: घरी न सांगता फॉर्म भरू का? आणि निफ्टला (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत) नंबर लागला नाही तर सगळं संपलं का?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: "मला लहानपणापासून कपड्यांवरची डिझाइन्स काढायला आवडतात." आणि बाबांचं वाक्य आहे शिवणक्लासचं. तुमचा दोघांचा वाद चालला आहे खरा, पण मला दोघांचीही अडचण एकाच ठिकाणी दिसते. बाबांच्या डोळ्यांसमोर कापड तयार झाल्यानंतरची शिलाई आहे. तुझ्या डोळ्यांसमोर कापड तयार झाल्यानंतर त्यावर काढायचं चित्र आहे. खुद्द कापड दोघांच्याही बोलण्यात नाही, आणि हा विषय आहे मुख्यतः कापडाचा. सूत कुठलं, किती जाड, किती पिळाचं. ताण्यात म्हणजे उभ्या धाग्यांत काय, बाण्यात म्हणजे आडव्या धाग्यांत काय. वीण साधी, तिरकी की साटीन. रंग सुताला द्यायचा की विणून झाल्यावर. धुतल्यावर ते किती आटेल, उन्हात किती विटेल, मीटरला खर्च किती. चित्र या सगळ्यात आहेच, पण बरंच पुढे आणि इतर गोष्टींच्या सोबतीने येतं.

त्यामुळे हे शिक्षण घ्यावं की नाही, या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देणार नाही. आधी तुला त्या कामाची चव कळायला हवी. माग तू फक्त व्हिडिओत पाहिला आहेस असं लिहितेस. हरकत नाही, घरबसल्याही सुरुवात होते.

आईच्या पेटीतला चौकडीचा एखादा जुना सुती पंचा किंवा लुगडं मागून घे. नसेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून स्वस्तातला चौकडीचा पंचा आण. कडेचे चार-पाच धागे ओढून काढ म्हणजे झालर मोकळी होईल. आता पट्टी ठेवून एक इंचावर दोन खुणा कर आणि टाचणीच्या टोकाने एकेक धागा बाजूला सारत मोज. उभे किती आले, आडवे किती आले, ते लिही. मग रंगांचा क्रम लिही: इतके लाल, मग इतके पांढरे, परत इतके लाल. हाच क्रम आलेखाच्या कागदावर उतरव, एक चौकोन म्हणजे एक धागा. उभ्या लाल धाग्यावरून आडवा लाल गेला तिथे रंग भरघोस दिसेल, पांढऱ्यावर पांढरा आला तिथे स्वच्छ पांढरा, आणि लाल-पांढरे एकमेकांना छेदतात तिथे दुरून गुलाबीसर वाटेल. जवळ नेऊन बघितलंस तर तिथे गुलाबी धागा एकही नसेल. दोन रंगांच्या सुतातून तिसरा रंग असा उभा राहतो.

पुढची पायरी म्हणजे पुठ्ठ्याचा माग. जाड पुठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या सेंटीमीटरवर खाचा पाड, जाड सुती दोरा त्या खाचांतून ताणून घे, तो झाला ताणा. गोधडीची मोठी सुई घेऊन आडवा धागा एकाखालून, एकावरून असा ओवत जा आणि जुन्या कंगव्याने प्रत्येक ओळ खाली ठोक. पंच्यावरून उतरवलेली चौकडी त्यावर विणून बघ. तीन-चार बोटं विणून होईपर्यंत तुझ्या लक्षात येईल की दोन्ही कडा आत ओढल्या जात आहेत. धागा जास्त ताणला की असं होतं. मग उसवायचं आणि परत विणायचं. साडीच्या ताण्यात असे दोन-तीन हजार धागे असतात, आणि त्यातला एक धागा चुकीच्या जागी ओवला गेला तर ती चूक पूर्ण ताण्याच्या लांबीभर रेघेसारखी उतरते.

आता माझा तुला प्रश्न. हे करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही असं झालं, की दहा मिनिटांनी फोन हातात आला? उसवताना चिडचिड झाली, की चूक कुठे झाली ते शोधण्यात मजा आली? उत्तर मला कळवायची गरज नाही, पण स्वतःला खरं सांग. हे मोजणं, उसवणं, परत करणं या पदवीची चारही वर्षं सोबत असतं. ज्यांचा हात चित्रात उत्तम चालतो अशी कितीतरी मुलं इथे कंटाळलेली मी बघितली आहेत, आणि बेताची चित्रकला असणारी पण गणिताची, कोड्यांची आवड असणारी मुलं रमलेलीही बघितली आहेत. तुझ्या बक्षिसांचं कौतुक आहेच. पण ती बक्षिसं या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत.

चित्राच्या बाजूचाही एक प्रयोग सांगते, कारण छापील कापडासाठी तो पाया आहे. एका कोऱ्या कागदाच्या मध्यभागी काहीतरी काढ, जास्वंद, आबोलीचा वळेसर, माटोळीला बांधतात ती फळं, काहीही. पण कडांना स्पर्श होऊ देऊ नकोस. कागद उभा मधोमध काप आणि दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करून मागून चिकटव. आता आडवा काप, तसंच कर. तुझं चित्र चार कोपऱ्यांत गेलं आणि मध्ये मोकळी जागा उरली. ती जागा अशी भर की कुठे जोडलंय ते कळू नये. याच्या झेरॉक्स काढून शेजारी शेजारी लावल्यास की सलग कापड दिसेल. याला रिपीट म्हणतात. पहिल्या वेळी कुठेतरी उभा पट्टा किंवा भोक दिसेलच, भिंतीवर लावून लांबून बघितलं की लगेच कळतं. ते बुजवायला शिकणं म्हणजे प्रिंट डिझाइनचा रोजचा रियाज.

आता कॉम्प्युटरचं. बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस, त्यात तथ्य आहे. नुसती फुलापानांची चित्रं काढून विकणं, हे काम यापुढे कमी होत जाईल असं मलाही वाटतं. ज्या संस्थेत चार वर्षं फक्त पडद्यावर नक्षी करून घेतात तिथे पैसे घालू नयेत, हे मी बाबांच्या बाजूने सांगेन. पण पडद्यावरचं चित्र कापड होईपर्यंत मध्ये बरंच काही असतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, म्हणजे बारा रंगांचं सुंदर चित्र पाच रंगांत बसवायचं कसं हे कोणीतरी ठरवावं लागतं. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नक्षीचा प्रत्येक भाग कुठल्या विणीने बांधायचा हे ठरवलं नाही तर धागे लांब लांब मोकळे राहतात आणि कापड नखात अडकून फाटतं. सुती चादर पहिल्या धुण्यात किती आटेल, गडद लाल शेजारच्या पांढऱ्यात उतरेल का, हे कापड हातात घेऊन तपासावं लागतं. इतकं शिकलेल्या माणसाला कॉम्प्युटर मदतच करतो.

आईचा उल्लेख तू पत्रात घाईत केला आहेस, जणू तिचं काम आणि तुझं स्वप्न यांचा संबंध नाही. मला मात्र तुझ्या घरातली सगळ्यात मोठी शिदोरी तीच वाटते. कुठलं कापड सुईखाली सरकतं, कुठलं उसवलं की भोकं ठेवतं, कुठल्या अस्तराचा रंग घामाने उतरतो, हे तिला हाताने ठाऊक आहे. तिच्याकडच्या चिंध्या गोळा कर. एका वहीत एकेक तुकडा चिकटवून शेजारी लिही: कशाचं, विणलेलं की निटिंगचं, छापलेलं की रंगीत सुताचं, आईचा त्याबद्दलचा अनुभव काय. मुलाखतीला किंवा पुढे पोर्टफोलिओ दाखवायची वेळ आली तर ही वही तयार असेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती बनवताना आईला कळेल की तू नेमकं काय शिकायचं म्हणतेस, आणि आईला कळलं की ते बाबांपर्यंत जातं.

नोकरीचं बोलू. इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. गोव्यात कापडाच्या गिरण्या नाहीत. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत, म्हणून बाबांना फार्मसी दिसते, आणि ते रोज जे बघतात त्यावरून बोलतात. टेक्स्टाइल डिझाइन शिकलेल्या मुलीला पहिली काही वर्षं काम मिळतं ते बाहेर: चादरी-पडदे निर्यात करणारं तमिळनाडूतलं करूर, गालिचे-ब्लँकेटांचं पानिपत, निटिंगचं तिरुपूर, यंत्रमागांची इचलकरंजी आणि भिवंडी, सोलापूर, सुरत, नाहीतर मुंबई-दिल्ली-बंगळूरची डिझाइन ऑफिसं. सुरुवातीचा पगार साधाच असतो, आणि चार वर्षांच्या फीच्या मानाने तो कमी वाटतो. "पदवी घेऊन लगेच गोव्यात" हा तुझ्या पत्रातला बेत मला म्हणून कच्चा वाटतो. बेत चुकीचा नाही. फक्त त्यात मधली चार-पाच वर्षं धरलेली नाहीत.

कुणबी साडीबद्दल तू मनापासून लिहिलं आहेस, म्हणून मीही मनापासून लिहिते. ती लाल चौकडीची साडी शेतात राबणाऱ्या गावडा-कुणबी बायकांची. आखूड, गुडघ्यापर्यंत येणारी, खांद्यावर गाठ मारलेली, चिखलात उतरून भात लावता यावं अशी. गोव्यातले माग बंद पडत गेले तशी ती साडीही दिसेनाशी झाली. तिला पुन्हा लोकांसमोर आणण्यात कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचा मोठा वाटा. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले. त्यांचा प्रवास जरा बघ: आधी मस्कतमध्ये हॉटेल-क्लबच्या व्यवस्थापनाची नोकरी, मग अमेरिकेत आणि पॅरिसमध्ये फॅशनचं शिक्षण, आणि मग परत गोवा. बाहेर जाऊन आल्यामुळे त्यांचं गोवेपण कमी झालं असं कोणी म्हणणार नाही.

पण दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कुणबी साडीपुढची अडचण नव्या नक्षीची नाही. चौकडी आहे ती छानच आहे. अडचण आहे विणणाऱ्या हातांची आणि त्या हातांना मिळणाऱ्या मजुरीची. एक साडी विणायला किती दिवस लागतात, त्या दिवसांची मजुरी धरून तिची किंमत काय होते, आणि त्या किमतीला ती कोण घेतं. यंत्रमागावरची तशीच दिसणारी साडी शेजारी टांगलेली असताना का घेतं? या प्रश्नांवर काम करायला डिझायनर हवी, पण हिशेब येणारी, सूत ओळखणारी, विणकराशी त्याच्या भाषेत बोलू शकणारी. आणि जिची ती साडी आहे त्या बाईला यात काय हवंय, हेही विचारावं लागेल. तू त्या समाजातली आहेस की नाही हे पत्रात नाही. नसशील तर आधी ऐकायला जा, बरोबर चहापाण्याचा वेळ घेऊन जा, लगेच फोटो काढू नकोस. गोवा सरकारच्या हस्तकला, वस्त्र आणि काथा खात्याकडे हातमागाच्या प्रशिक्षणाची चौकशी कर. चवथीच्या सुट्टीला जोडून आठवडाभर जरी एखाद्या विणकर बाईशेजारी बसायला मिळालं, तरी दहा व्हिडिओंपेक्षा जास्त समजेल.

आता वाटा. तू फक्त निफ्टचं नाव घेतलं आहेस, आणि "नंबर लागला नाही तर संपलं" असं लिहिलं आहेस. बारावीच्या वर्षात असं वाटतं, पण तसं नसतं.

निफ्ट चांगलं आहे. टेक्स्टाइल डिझाइनची चार वर्षांची बी.डिझ. पदवी आहे, पहिलं वर्ष सगळ्यांना सामायिक पायाभूत, शेवटी उद्योगात जाऊन करायचा पदवी प्रकल्प. कुठल्याही शाखेतून बारावी चालते. प्रवेश परीक्षेत चित्र-कल्पनाशक्तीचा एक भाग, सर्वसाधारण क्षमतेचा एक भाग, आणि पुढच्या फेरीत दिलेल्या साहित्यातून ठरलेल्या वेळात वस्तू बनवायची परीक्षा. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) ही 1961 पासूनची संस्था, तिथेही टेक्स्टाइल डिझाइन आहे. जागा कमी आणि चुरस मोठी, तरी अर्ज जरूर कर. दोन्हींचे अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, परीक्षा हिवाळ्यात. लाखभराचा क्लास लावला नाही तर निवड होत नाही, ही समजूत मनातून काढ. मागच्या प्रश्नपत्रिका, रोज एक निरीक्षणाचं रेखाटन (कदंबाच्या स्टँडवर बस येईपर्यंत काढलेलं सुद्धा चालतं), आणि आठवड्यातून एकदा टाचण्या-काड्या-कागद-दोरा घेऊन वेळ लावून वस्तू बनवणं, एवढं नेमाने केलंस तर ते पुष्कळ आहे.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही टेक्स्टाइलचा विभाग आहे. तिथला रस्ता ललित कलेकडून येतो, वातावरण वेगळं. गोव्याबाहेर जाणं आत्ता जमणारच नसेल, तर पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात पेंटिंग किंवा अप्लाइड आर्टची पदवी घेऊन, चार वर्षं बाजूने विणकाम-रंगकाम शिकत राहून, पदव्युत्तर टेक्स्टाइलकडे वळणारीही मुलं असतात. हा लांबचा रस्ता आहे. पण घरी मोठं भांडण न करता आणि कमी खर्चात चालता येतो.

आणि एक वाट तू पाहिलीच नाहीस असं वाटतं. तू सायन्सची आहेस. धागे मोजण्याचा तो प्रयोग करताना तुला चित्रापेक्षा रचनाच जास्त आवडली, तर टेक्स्टाइल टेक्नॉलॉजी म्हणजे अभियांत्रिकीकडूनही या विषयात येता येतं. इचलकरंजीला डीकेटीई हे त्याचं कॉलेज आहे, गोव्यापासून एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतरावर. रसायनशास्त्र आवडत असेल तर मुंबईत माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेमध्ये धागे आणि वस्त्रप्रक्रियेची बी.टेक. आहे. रंग सुताला धरतो कसा, हा तिथला विषय. घरात थोडी झलक घ्यायची असेल तर डाळिंबाची साल उकळून त्यात तुरटीत भिजवलेला सुती कपडा घाल, पिवळा रंग येईल. त्याच पाण्यात गंजलेल्या खिळ्यांचं पाणी थोडं घातलंस की तोच पिवळा काळपट राखाडीकडे झुकतो. बाबांनाही बोलाव. औषधांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हे बघायला आवडेल, आणि ते तुझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

फार्मसीबद्दल एवढंच: ती वाईट नाही. तिचा तुला राग आहे, की ती फक्त बाबांनी सुचवली म्हणून नको आहे, हे तपासून बघ. प्रवेशाची एक वाट म्हणून अर्ज भरून ठेवायला काही बिघडत नाही.

इतर वाचकांसाठीही एक गोष्ट इथेच सांगते, कारण अशी पत्रं मला बऱ्याच गावांतून येतात. टेक्स्टाइल डिझाइनच्या नावाखाली अनेक खासगी संस्था प्रवेश देतात. काही चांगल्या आहेत, काही ठिकाणी फॅशनच्या अभ्यासक्रमात टेक्स्टाइलचे दोन पेपर घालून नाव मोठं केलेलं असतं. माहितीपत्रक वाचून कळत नाही, म्हणून प्रत्यक्ष जा. सांगा, "माग बघायचेत." किती माग आहेत यापेक्षा किती मागांवर आत्ता ताणा चढवलेला आहे ते बघा; धूळ बसलेला माग लगेच ओळखू येतो. रंगशाळेत जा, मुलांच्या हातांना रंग लागलेला आहे का बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी शिक्षक जवळ नसताना बोला. मागच्या वर्षी कोण कुठल्या कंपनीत इंटर्नशिपला गेलं ते नावानिशी विचारा. "नामांकित कंपन्यांत" एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा. पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे आणि त्या विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, हे कागदावर मागा. प्रवेशाची रक्कम भरायची घाई करणाऱ्या संस्थेला दोन दिवस थांबायला सांगा.

पैशांचा मुद्दा बाबांनी काढला आणि तो बरोबर काढला. निफ्टची चार वर्षं वसतिगृह, साहित्य, प्रवास धरून दहा लाखांच्या पुढे जातात. गोव्यातल्या मुलांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. तिच्या अटी, मर्यादा आणि कुठले अभ्यासक्रम बसतात ते अर्ज करण्याआधी नीट वाचून घ्या. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांना शिक्षण शुल्कात मदत करणारी योजना निफ्टचीही आहे. चार वर्षांच्या खर्चाचा तक्ता तू स्वतः मांड: फी, खोली, जेवण, मेस नसलेले दिवस, सूत-रंग-छपाईचं साहित्य, लॅपटॉप, घरी यायची तिकिटं. कर्ज घेतलं तर हप्ता किती आणि पहिल्या पगारातून तो निघेल का, हेही लिही. आकडा मोठा दिसला तरी लपवू नकोस. वडिलांना आकड्यांची भीती असते ती आकडे न कळल्यामुळे जास्त.

आई दूर पाठवायला कचरेल असं तू लिहिलं आहेस. तिला सांग की मुंबईचं निफ्ट खारघरला आहे. थिवीला कोकण रेल्वेत बसायचं, पनवेलला उतरायचं, तिथून लोकलने खारघर जवळच. प्रवेशाआधी तिला एकदा घेऊन जा, वसतिगृह दाखव. पाहिलेल्या जागेची काळजी वेगळी असते.

राहिला फॉर्म. घरी न सांगता भरू नकोस. मावशीने पैसे दिले म्हणजे तिलाही या लपवाछपवीत ओढलंस, आणि निवड झाली तर त्याच दिवशी बाबांना दोन धक्के बसतील, एक निवडीचा आणि एक फसवणुकीचा. दुसऱ्या धक्क्याच्या रागात पहिल्याचा आनंद वाहून जाईल. शिवाय कर्जाला, प्रवेशाला, वसतिगृहाला पालकांची सही लागतेच. मावशीचं मोल पैशांत नाही, ती बाबांशी बोलू शकते यात आहे. एका रविवारी तिला जेवायला बोलाव. जेवणं झाल्यावर चिंध्यांची वही, आलेखावरची चौकडी, पुठ्ठ्यावरचं विणकाम आणि खर्चाचा तक्ता बाबांसमोर ठेव. "मला परवानगी द्या" असं म्हणू नकोस. म्हण, "दोन्ही परीक्षा देते, फार्मसीचा अर्जही भरते. निकाल लागले की आपण परत बसू." ही मागणी लहान आहे, तिला हो म्हणणं सोपं जातं. तरीही नाही म्हणाले तर वाद घालू नकोस. आठ दिवस जाऊ देत, मग त्यांना विचार की नेमकी कशाची काळजी वाटते. पैशांची असेल तर एक उत्तर आहे, दूर जाण्याची असेल तर दुसरं. "लोक काय म्हणतील, शिंपीणकाम शिकायला पाठवली" याची असेल, तर आईला बोलू दे. तिच्या शिवणयंत्रावर ते घर इतकी वर्षं उभं आहे, यावर तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच असेल.

दिवाळीपर्यंत पुठ्ठ्याच्या मागावरचा एक हातभर पट्टा विणून पूर्ण कर आणि त्याचा मागून-पुढून फोटो मला पाठव. मागची बाजू नक्की पाठव, मी आधी तीच बघेन.